'स्ट्राइक' : एका क्रियापदाची कुळकथा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी एका इंग्रजी क्रियापदाचे नाव सांगितले, आणि ते जरा घोटाळ्यात पडले. तीस वर्षे युनियनच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर कामगार कायद्यावर बोलावे; शब्दांची उठाठेव प्राध्यापकांनी करावी, असा एकंदर त्यांचा भाव दिसला. परंतु माझा इंग्रजीशी परिचय निराळ्या वाटेने झाला आहे. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे इंग्रजी मी आरोपपत्रे, तहनामे, नोटिसा आणि न्यायालयांचे निवाडे यांतून, कोश मांडीवर घेऊन, एकेक शब्द सोलीत शिकलो. ज्याला इंग्रजी काव्यातून भेटते त्याला शब्दाचे सौंदर्य आधी दिसते. ज्याला नोटिशीतून भेटते त्याला त्या शब्दाने कोणाचे काय जाते ते आधी दिसते. हा भेद ध्यानात घेऊन माझे बोलणे ऐकावे.

शब्द आहे 'स्ट्राइक'. शाळकरी मुलाच्या कोशात त्याचा पहिला अर्थ 'मारणे, प्रहार करणे' असा असतो, आणि बहुतेकांची त्याच्याशी ओळख तेथेच संपते. वस्तुतः या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. घड्याळ 'स्ट्राइक' करते म्हणजे टोले देते. टाकसाळीत नाणे 'स्ट्राइक' करतात म्हणजे ठसा मारून पाडतात. दोन व्यापारी सौदा 'स्ट्राइक' करतात म्हणजे तो पक्का करतात. खाणीत सोन्याची शिर 'स्ट्राइक' झाली म्हणजे ती सापडली. कुंडीत खोचलेल्या फांदीने मूळ 'स्ट्राइक' केले म्हणजे तिने मूळ धरले. छावणी 'स्ट्राइक' झाली म्हणजे तंबू मोडून गुंडाळले गेले. एखादी कल्पना माणसाला 'स्ट्राइक' होते म्हणजे सुचते. यादीतले नाव 'स्ट्राइक' होते म्हणजे त्यावर रेघ ओढली जाते. आणि अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खेळात तर गंमतच आहे. तेथे फलंदाजाने बॅट फिरवावी आणि चेंडू मुळीच लागू नये, याला 'स्ट्राइक' म्हणतात!

आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपणही हाक मारतो, उडी मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो, भिंतीला रंग मारतो आणि जेवणावर ताव मारतो. त्यांत कोणाला इजा होत नाही. 'मारणे' हे क्रियापद आपल्या भाषेत घरगड्यासारखे सगळीकडे राबते. परंतु 'मारणे'च्या बाबतीत मूळ अर्थ ठोसा देण्याचा आणि बाकीचे अर्थ त्यातून फुटलेले, असे म्हणता येईल. 'स्ट्राइक'चे तसे नाही. तेथे प्रहार हा मूळ पुरुष नव्हे, तो मागाहून घरात आलेला आहे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचे रूप 'स्ट्रीकन' असे होते, आणि त्याचा अर्थ होता 'जाणे, हलकेच सरकत जाणे, हात फिरवणे'. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्याला इंग्रजीत 'स्ट्रोक' म्हणतात ते याचेच भावंड. जर्मन भाषेतला याचा सख्खा भाऊ 'श्ट्रायखन' आजही हात फिरवणे, रंग देणे, पावावर लोणी पसरणे आणि लिहिलेले खोडणे अशी कामे करतो. म्हणजे ज्या शब्दाला आपण ठोसा समजतो तो मुळात कुरवाळण्याचा शब्द आहे. हात वेगाने फिरला म्हणजे त्याचा तडाखा होतो, आणि तो अर्थ इंग्रजीत पुढे इतका बळावला की कुरवाळणारा हात लोक विसरून गेले.

तरीही जुन्या अर्थाच्या खुणा ठिकठिकाणी राहिल्या आहेत. इंग्लंडच्या खेड्यांत धान्य मापताना मापावरून एक सरळ काठी फिरवून वरची शीग पाडीत आणि माप काठाशी सपाट करीत. त्या काठीला 'स्ट्राइक' म्हणत, आणि पुढे धान्याच्या त्या मापालाही तेच नाव पडले. ज्यांनी आपल्याकडे पायलीचे माप पाहिले आहे त्यांना या काठीचे महत्त्व सांगावयास नको. घेणाऱ्याने शिगोशीग घ्यावे आणि देताना सपाट द्यावे, या एका चलाखीवर कित्येक सावकारांचे वाडे उभे राहिले.

दुसरी खूण आगकाडीची. इंग्रज काडी 'स्ट्राइक' करतो. पण काडी पेटीवर आपटून पेटत नाही, ती घासावी लागते. मराठीत आपण 'काडी ओढणे' म्हणतो ते क्रियेला अधिक धरून आहे. काडीचा विषय निघाला आहे तर सांगतो, की या शब्दाचे दोन अर्थ एकदा एकाच कारखान्यात समोरासमोर आले. पूर्व लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा काड्यांचा कारखाना होता. तेथे मुली आणि बायका पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवीत. त्या काड्या कशावरही घासल्या तरी पेटत. आणि तो फॉस्फरस हवेतून व हाताला लागलेल्या अन्नातून पोटात जाऊन कामकरणीच्या जबड्याचे हाड कुजवी. वर बारीकसारीक गोष्टींसाठी दंड कापला जाई. 1888 च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी याविषयी आपल्या पत्रात लेख लिहिला. कंपनीने कामकरणींकडून 'लेखातले सारे खोटे आहे' असे लिहून घेण्याचा प्रयत्न केला, त्यांनी नकार दिला, आणि जुलैच्या आरंभी सुमारे चौदाशे जणी काम टाकून बाहेर पडल्या. तीन आठवड्यांच्या आत कंपनीला दंड रद्द करावे लागले आणि जेवणासाठी निराळी खोली देण्याचे कबूल करावे लागले. पांढरा फॉस्फरस मात्र ब्रिटनमध्ये कायद्याने बंद व्हायला 1910 साल उजाडले. याच बेझंटबाई पुढे 1893 साली हिंदुस्थानात आल्या आणि 1917 साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. आपल्याकडे त्यांना थिऑसफीसाठी ओळखतात, लंडनच्या मजूरवस्तीत त्यांची आठवण काड्यांसाठी आहे.

पण माझा रोख समुद्राकडे आहे, कारण काम बंद पाडण्याचा अर्थ या शब्दाला जमिनीवर मिळालेला नाही. तो जहाजावर मिळाला.

शिडाच्या जहाजावर 'स्ट्राइक' म्हणजे खाली उतरवणे. दोर सैल सोडला की शीड आपल्या आडव्या काठीसह डोलकाठीवरून सरकत खाली येते. 'सरकत जाणे' हा जुना अर्थ येथे जसाच्या तसा आहे. आता समुद्रावर शीड उतरवणे ही साधी गोष्ट नव्हती. शीड उतरवले म्हणजे जहाज थांबले. म्हणून बलिष्ठाच्या पुढे दुर्बळाने शीड वा निशाण उतरवावे, हा मान देण्याचा रिवाज झाला. इंग्लंड आपल्या भोवतालच्या समुद्रात हा मान हट्टाने वसूल करी. 1652 च्या मे महिन्यात डच सेनापती ट्रॉम्प याने इंग्रज सेनापती ब्लेक याच्यापुढे निशाण उतरवण्यास विलंब केला, तेवढ्यावरून डोव्हरजवळ तोफा सुटल्या आणि दोन राष्ट्रांत युद्ध पेटले. (खरे भांडण व्यापाराचे होते, पण भांडणाला निमित्त लागते, ते निशाणाने पुरवले.) लढाईत निशाण उतरवले तर त्याचा अर्थ सरळ शरणागती. म्हणजे अठराव्या शतकातल्या खलाशाला हा शब्द ठाऊक होता तो मान तुकवण्याचा, हार खाण्याचा शब्द म्हणून. त्याच शब्दाला त्याने उलटा अर्थ दिला. तो कसा दिला ते पाहण्यासारखे आहे.

लंडन शहराच्या चुली त्या काळी उत्तरेकडच्या कोळशावर जळत, आणि तो कोळसा टाइन आणि वेअर नद्यांच्या मुखांवरून जहाजांनी टेम्स नदीत येई. सात वर्षांचे युद्ध 1763 साली संपले तेव्हा आरमारातून हजारो खलाशी मोकळे झाले, आणि बंदरात हात जास्त व काम थोडे अशी स्थिती झाली. पगार पडले. त्यात पिके बुडून पाव महाग झाला. 1768 च्या वसंतात खलाशांचा एक जमाव संडरलंड बंदरात गेला. गावाच्या चौकात त्यांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. मग बंदरातल्या एकेका जहाजावर चढून त्यांनी शिडांच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या, म्हणजे कोणतेही जहाज बाहेर पडू नये. 'अ‍ॅन्युअल रजिस्टर' या तत्कालीन वार्षिक ग्रंथात ही हकीकत छापली आहे, आणि उतरवण्याच्या क्रियेला तेथे शब्द आहे 'स्ट्रक'. थोड्याच दिवसांत हेच लोण टेम्स नदीवर पोहोचले.

माझ्या मते कामगारांच्या इतिहासातली ही अत्यंत शहाणपणाची कृती होती. कोणाला हात लावला नाही, जहाज फोडले नाही, माल लुटला नाही. जी गोष्ट चढवणे हा रोजचा धंदा, ती उतरवून ठेवली. मालकाचे जहाज मालकाचेच राहिले. फक्त ते चालेना.

आणि गंमत पाहा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तोच ग्रंथ लंडनच्या टोप्या बनवणाऱ्या कारागिरांविषयी लिहितो, की त्यांनी 'स्ट्रक' केले आणि मजुरी वाढेपर्यंत काम करण्याचे नाकारले. आपल्या पूर्वजांनी इंग्रजांना 'टोपीकर' म्हणून ओळखले, त्या टोप्या घडवणारे हे लोक. यांच्याकडे कुठले आले शीड, आणि कुठली डोलकाठी! म्हणजे अवघ्या काही आठवड्यांत शब्द जहाजावरून उतरून गल्लीत शिरला होता. त्याला कोणी पंडिताने दीक्षा दिली नाही. काही कोशकार हत्यारे खाली ठेवण्याशीही याचा संबंध लावतात. पण बहुतेकांचा कौल शिडाच्या बाजूचा आहे.

त्या वर्षाचा पुढचा भाग मात्र कमी सुखाचा आहे, आणि आमच्या चळवळीतली माणसे तो सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. टेम्सवर जहाजातून कोळसा उपसून काढणारे मजूर होते, बहुतेक आयर्लंडचे. त्यांना काम मिळे ते गुत्तेवाल्यांच्या मार्फत. गुत्तेवालाच मुकादम. काम हवे तर त्याच्याच गुत्त्यात प्यायचे, उधारी त्याच्याच वहीत मांडायची, आणि मजुरीतून तो आधी आपले कापून घेणार. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याने आणि गिरणीत जॉबरने हाच धंदा पुढे वर्षानुवर्षे केला. तेथील जुन्या कामगारांना लंडनचा हा गुत्तेवाला पाहिल्याबरोबर ओळखता आला असता. या कोळसेवाल्यांनीही 1768 साली काम बंद केले. तेव्हा कोळसा उतरवण्याचे काम करून घेतले गेले जहाजांवरच्या खलाशांकडून! ज्यांच्या हाताने जगाला 'स्ट्राइक' हा शब्द मिळाला, त्यांच्यापैकीच काहींनी त्याच वसंतात दुसऱ्यांचा स्ट्राइक मोडण्याचे काम केले. मारामाऱ्या झाल्या, एक खलाशी मारला गेला. एका गुत्तेवाल्याच्या घरावर रात्रभर गोळीबार झाला. त्याबद्दल सात कोळसेवाल्यांना जुलै महिन्यात शॅडवेलच्या मैदानात, त्यांच्याच वस्तीजवळ, शिपायांच्या पहाऱ्यात फाशी दिले गेले.

यानंतर तीस वर्षांनी खुद्द आरमाराची पाळी आली. 1797 च्या एप्रिलमध्ये स्पिटहेड येथे खलाशांनी जहाजे बाहेर काढण्याचे नाकारले. त्यांचा पगार 1658 सालापासून वाढलेला नव्हता! फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे सरकारने पगार वाढवला आणि माफीही दिली. पाठोपाठ नोअर येथे जे झाले त्याला मात्र माफी मिळाली नाही. पुढारी रिचर्ड पार्कर याला जूनअखेर जहाजावरच फाशी दिले. कायद्याच्या भाषेत या दोन्ही प्रकारांचे नाव 'बंड'. व्यापारी जहाजावरचा खलाशी 'स्ट्राइक' करतो, सरकारी जहाजावरचा तेच करील तर ते बंड होते. नाव कोण ठेवतो यावर शिक्षा ठरते, हे माझ्या धंद्यातले पहिले व्याकरण आहे.

त्या बंडाच्या धसक्याने त्याच वर्षी गुप्त शपथा घेण्याविरुद्ध कायदा झाला. तो कायदा पुढे कोणावर वापरला? 1834 साली डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल खेड्याच्या सहा शेतमजुरांवर. त्यांनी स्ट्राइक केलाच नव्हता. मजुरी घटत होती म्हणून त्यांनी फक्त एक संघटना काढली आणि सभासदांना शपथ दिली, एवढ्यावर सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते ऑस्ट्रेलियात गेले. लोकांच्या ओरडीमुळे 1836 साली त्यांना माफी मिळाली. तत्पूर्वी 1799 आणि 1800 च्या कायद्यांनी मजुरी वाढवून घेण्यासाठी कामगारांनी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवला होता, आणि ते कायदे 1824 साली रद्द झाले. या कायद्यांच्या नावात कोणता शब्द आहे तो पाहा. 'स्ट्राइक' नाही. शब्द आहे 'कॉम्बिनेशन', एकत्र येणे. एकटा माणूस काम सोडून घरी गेला तर त्याची कोणाला भीती नव्हती. त्याच्या जागी दुसरा मिळे. भीती होती ती दहा जण एका विचाराने जाण्याची.

आता आपल्या भाषेकडे वळतो. इतर भाषांनी या गोष्टीला काय नावे दिली ती आधी पटकन पाहू. जर्मनांनी आपला 'श्ट्रायखन' घरी असताना इंग्रजांचाच शब्द उचलला आणि आपल्या वळणाने लिहिला. फ्रेंचांचा शब्द 'ग्रेव्ह'. ते पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या एका चौकाचे जुने नाव होते. नदीकाठच्या त्या वाळूच्या जागी कामाच्या शोधातले मजूर सकाळी येऊन उभे राहत, आपल्या शहरांत नाक्यावर उभे राहतात तसेच. तोच शब्द पोर्तुगीजांनी घेतला. स्पॅनिश लोकांचा 'ह्वेल्गा' विसाव्याशी नाते सांगतो. आपल्या शेजारचा 'हरताळ' म्हणजे हाटाला, बाजाराला टाळे. तो मुळात दुकानदाराचा शब्द आहे, मजुराचा नव्हे. प्रत्येकाने त्या घटनेचे जे अंग डोळ्यांना दिसले ते पकडले. कोणी उतरलेले शीड पाहिले, कोणी रिकामा चौक, कोणी बंद दुकान.

मराठीने पकडले ते डोळ्यांना न दिसणारे अंग. 'संप' म्हणजे एकी, एकोपा. गुजरातीत आजही त्याचा तोच अर्थ आहे. 'ज्यां संप त्यां जंप', जेथे एकी तेथे स्वस्थता, अशी त्यांची म्हण आहे. आणि त्याच मुंबईत गिरणीमालकाच्या घरात जो शब्द सुखी कुटुंबाविषयी वापरला जाई, तोच शब्द त्याच्या गिरणीच्या फाटकाबाहेर मराठी कामगार आपल्या अर्थाने उच्चारी! आपला 'संप' हा 'स्ट्राइक'चा तर्जुमा नाही. तो 'कॉम्बिनेशन'चा तर्जुमा आहे. इंग्रज राज्यकर्ते 1799 साली ज्याला भ्याले, नेमके त्याचे नाव आहे.

म्हणूनच मराठीतला संप मजुरीपुरता राहिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी 1890 साली मिळवली, हे आपण जाणता. त्याच साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांचा संप झाला, तो पगारासाठी नव्हता. विधवांचे केस आम्ही काढणार नाही, यासाठी तो होता. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, आणि सहा वर्षे ती शेते पडीक राहिली. त्यालाही लोकांनी 'संप'च म्हटले. मजूर नाहीत, गिरणी नाही, भोंगा नाही. पण एकी आहे, म्हणून संप आहे. 'संप फुटला' असे आपण म्हणतो तेव्हा फुटते ती एकी. आणि 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी सुरू केलेला संप फुटलाही नाही आणि मिटलाही नाही. तो रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, आणि आता त्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत.

असे असता, आमच्या वर्तमानपत्रांत काय छापून येते? 'संपाचा प्रवाशांना फटका.' 'कर्मचाऱ्यांनी संपाचे हत्यार उपसले.' हा फटका आणि हे हत्यार मराठीने कोठून आणले? मला वाटते, शाळकरी कोशातल्या त्या पहिल्या अर्थानेच हे काम केले आहे. ज्या शब्दात शीड उतरवण्याची क्रिया होती त्यात फटका ऐकू येऊ लागला, आणि मग तो फटका आमच्या एकीवाचक शब्दाच्या गळ्यात बांधला गेला. एस.टी. थांबली तर प्रवाशांचे हाल होतात, हे मी नाकारीत नाही. मी स्वतः सामान घेऊन स्टँडवर रात्र काढली आहे. परंतु चालक घरी बसला आहे. त्याने कोणावर काही उपसलेले नाही.

उलट, या क्रियापदाचा जो अर्थ खरोखर माणसाला लागतो तो दुसराच आहे, आणि त्याविषयी कोणी मथळे देत नाही. एका कारखान्यातला एक हेल्पर काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत आला. त्याच्या हातात दोन ओळींचे इंग्रजी पत्र होते. टायफॉइडने तो महिनाभर गावी पडून होता. पत्रात लिहिले होते, की तुमचे नाव मस्टरवरून 'स्ट्रक ऑफ' करण्यात आले आहे. त्याने मला विचारले, "साहेब, हे स्ट्राइकचं काहीतरी आहे का? मी तर संपात नव्हतो." मी त्याला सांगितले, की संप तू केला नाहीस, स्ट्राइक मालकाने केला आहे, तुझ्या नावावर. बडतर्फ केले असे लिहिले असते तर चौकशी करावी लागली असती. कपात केली असे लिहिले असते तर भरपाई द्यावी लागली असती. नुसती रेघ ओढली म्हणजे काहीच केले नाही! सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिल्ली क्लॉथ मिलच्या खटल्यात ही पळवाट ओळखली आणि हजेरीपटावरून नाव खोडणे म्हणजे नोकरी संपवणेच होय, तिला कपातीचे नियम लागू होतात, असा निकाल दिला. त्या निवाड्याच्या आधाराने माझा हेल्पर परत कामावर गेला. पण तसली पत्रे अजून येतात, कारण दहांपैकी नऊ जणांना त्या दोन शब्दांचा अर्थ सांगणारा कोणी भेटत नाही.

कायदा हाही एक कोशकारच आहे, फक्त त्याच्या कोशाला पोलिसांचे बळ असते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'स्ट्राइक'ची जी व्याख्या दिली तिच्यात काम थांबवण्याबरोबरच 'एकत्र येऊन', 'संगनमताने' आणि 'समान समजुतीने' अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे इंग्रजी कायद्याला शेवटी आमच्या 'संपा'पाशीच यावे लागले. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने त्या व्याख्येत भर घातली. एखाद्या दिवशी निम्म्या वा त्याहून अधिक कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली तर तोही स्ट्राइक; आणि त्याआधी 14 दिवसांची सूचना हवी. एका माणसाची ती रजा, पन्नास टक्क्यांचा तो संप. एकट्याने दांडी मारावी, सर्वांनी मिळून मारू नये, हे 1799 चेच तत्त्वज्ञान आहे.

शेवटी पुन्हा समुद्रावर जाऊ, या वेळी आपल्याच. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक केंद्रावर हिंदी नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता बंदरातली जहाजे त्यांत सामील झाली, मग कराची आणि इतर बंदरे. सरकारने आणि पुढे बहुतेक पुस्तकांनी याला 'बंड' म्हटले आहे, 1797 साली म्हटले तसेच. पण नौसैनिकांनी आपल्या समितीला नाव दिले होते 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. हिंदू, मुसलमान, शीख सारे तीत होते. त्यांनी जहाजांवरून ब्रिटिश निशाणे उतरवली आणि त्या जागी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा अशी तिन्ही निशाणे एकत्र चढवली. 22 फेब्रुवारीला त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद पडल्या. परळ-लालबागच्या रस्त्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या आणि शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत परळच्या कमल दोंदे होत्या.

23 तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, समितीने संप मागे घेतला. त्या वेळी तिने जाहीर केले, की आम्ही शरण जात आहोत ते ब्रिटनला नव्हे, हिंदुस्थानला. पुढे शेकडो नौसैनिकांची नावे नौदलाच्या पटावरून खोडली गेली. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला आणि दोन राष्ट्रे झाली. त्या खोडलेल्या नावांना भारताच्या नौदलाने परत घेतले नाही, आणि पाकिस्तानच्याही नाही.